सोड्याचं पान: प्रकल्प नोंदी

प्रकल्प: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय प्यावं, काय टाळावं यावरची मराठी पुस्तिका. माझ्याकडचा भाग: सोडा, कोल्ड्रिंक आणि तलफ. स्थळ: पुण्यातल्या एका रुग्णालयाचा बेरिअ‍ॅट्रिक विभाग. मी तिथली आहारतज्ज्ञ. रुग्णांची नावं या वहीत लिहायची नाहीत, असं पहिल्याच दिवशी ठरलं आहे.

६ फेब्रुवारी २०२५

विभागाचं जुनं पत्रक टेबलावर आहे. माझ्या विषयाच्या वाट्याला त्यात एकच ओळ आली आहे: 'कार्बोनेटेड पेये कायमची वर्ज्य.' का, कशाने काय होतं, त्याऐवजी काय घ्यायचं, अवाक्षर नाही. रुग्ण ती ओळ वाचून मान डोलावतात, पिशवी उचलतात आणि दाराशी जाऊन वळून विचारतात, "मॅडम, जिरा सोडा चालेल ना? तो पाचक असतो."

घरी जाताना असे कोणते प्रश्न येतात ते ओपीडीतल्या सिस्टरांना आठवून लिहून द्यायला सांगितलं. त्यांचा कागद पत्रकापेक्षा कितीतरी कामाचा निघाला. घरी केलेला लिंबू सोडा चालेल का? बाटली उघडी ठेवून गॅस घालवला तर? शुगर-फ्री? लग्नात एक घोट? पोट फुगलं की ईनो घेते, ते तर औषधच ना?

एकाही प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत नाही. पान इथूनच सुरू करायचं.

११ फेब्रुवारी

फसफसणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी केली. बाटलीतलं कोल्ड्रिंक कुणालाही कळतं, त्याबद्दल वाद नाही. अडचण बाकीच्यांची आहे. गाडीवरचा मसाला सोडा, गोटीच्या बाटलीतला साधा सोडा, इराण्याकडची रास्पबेरी, गोव्यातल्या गाड्यावरचा खारा लिंबू सोडा, टॉनिक वॉटर, बिअर, ईनो, आणि पाण्यात टाकल्यावर बुडबुडे सोडत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या नि कॅल्शियमच्या गोळ्या. शेवटचं नाव वाचून आमची शिकाऊ मुलगी हसली. तिला म्हटलं, हसू नकोस, केमिस्ट हौसेने देतात आणि रुग्ण निष्ठेने घेतात.

थोडं विषयांतर. सोडा-रास्पबेरी बनवणाऱ्या जुन्या पारशी नावांपैकी पुण्याच्या कॅम्पातलं अर्देशीर १८८४ पासूनचं, मुंबईचं पालनजी १८६५ चं. गोटीच्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७० च्या दशकात घेतलं. १९७७ मध्ये कोका-कोलाने देश सोडला आणि त्याच वर्षी थम्स अप आलं. आज आमच्याकडे पन्नाशीत ऑपरेशनला येणारी पिढी त्याच बाटलीवर वाढली. यातलं काही पुस्तिकेत जाणार नाही. पण 'सोडून द्या' हे दोन शब्द आपण कशाबद्दल म्हणतोय, याचा अंदाज लिहिणाऱ्याला असलेला बरा.

१८ फेब्रुवारी

सर्जन सरांबरोबर तासभर बसले. विषय: कारणं. पत्रकात कारण नाही म्हणून गावभर एकच कारण फिरतं, 'सोडा प्यायला की पोट फुटतं.' रुग्ण सहा महिन्यांनी चोरून एक घोट घेतो, पोट काही फुटत नाही, आणि मग आमच्या बाकीच्या सल्ल्यावरचाही विश्वास जातो. म्हणून खरी कारणं लिहायची, आणि प्रत्येक कारण जितकं वजनदार असेल तितक्याच जोरात.

पहिले काही आठवडे. आमच्याकडच्या शस्त्रक्रिया दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढलेला असतो. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, साधारण १०० ते १५० मिली मावेल अशी. बायपासमध्ये जठराची वर छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, ती जेमतेम ३० मिलीची. दोन्हीकडे स्टेपलची रेघ, म्हणजे जठर कापून पिनांनी शिवलेली जागा, भरून यायची असते. अशा जागी वायू सोडला तर ताण, कळ, मळमळ, उमासे. इथे मनाई ठाम, सवलत नाही. शिवाय त्या दिवसांत जागेलाच मोल असतं. दिवसाला दीड लिटर द्रव घोटाघोटाने पोटात जायला हवा आणि ६० ग्रॅम प्रोटीन गाठायचं असतं. तिथे बुडबुड्यांना जागा देणं परवडत नाही.

नंतरची कारणं निराळी. सोड्याने उरलेलं जठर कायमचं ताणून मोठं होतं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला ठोस पुराव्याचा आधार नाही. 'पुरावा नाही' हे वाक्य सरांना पुस्तिकेत नको होतं. त्यांचं म्हणणं, भीती कामाची असते. मी म्हटलं, खरी भीती आपल्याकडे भरपूर आहे, उसनी कशाला? शेवटी ते वाक्य गाळायचं ठरलं, पण 'पोट ताणलं जातं' हेही लिहायचं नाही. समेट.

खरी भीती कोणती? पहिली, द्रव साखर. लहान पिशवी भाकरीला अडवते, कोल्ड्रिंकला अडवत नाही. ते सरळ खाली उतरतं. १०० मिलीत साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर धरली तर ३०० मिलीत सहा चमच्यांहून जास्त होते. ६०० मिलीच्या बाटलीत अडीचशे कॅलरी. ज्याचं दिवसाचं खाणंच हजार-बाराशे कॅलरींचं आहे, त्याचा पाचवा-चौथा हिस्सा एका बाटलीत संपला, आणि पोट भरल्याचं नावही नाही.

दुसरी, जळजळ. स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्ताचा त्रास नव्याने सुरू होतो. नळी अरुंद, तिच्यातला दाब जास्त. त्यात सोड्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप थोडी सैल पडते.

तिसरं डम्पिंग, म्हणजे गोड खाणं-पिणं एकदम आतड्यात उतरून होणारा त्रास. बायपासमध्ये साखरेचं पाणी थेट आतड्यात धडकतं. दहा मिनिटं ते अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. स्लीव्हवाल्यांनाही होतं, तुलनेने कमी. एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा त्या वाटेला सहसा जात नाही, पण हा अनुभव प्रत्येकाला येतोच असं नाही. ज्याला येत नाही तो स्वतःला नशीबवान समजतो. वजन परत चढायला लागतं ते बहुतेक त्याचंच, असं माझं निरीक्षण.

२० फेब्रुवारी

विभागाच्या पँट्रीत प्रयोग. ३०० मिली साध्या सोड्याची बाटली उघडली आणि लगेच तोंडावर फुगा चढवला. बाटली कोमट पाण्यात ठेवून हलवत राहिलो. फुगा चांगला टरारला. हिशेब असा: बाटलीबंद सोड्यात स्वतःच्या आकारमानाच्या तीन ते चारपट कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो. म्हणजे ३०० मिलीत सुमारे एक लिटर वायू. त्यातला बराचसा ओतताना नि ढेकरांतून निघून जातो हे खरं, पण उरलेला ज्या नळीत जातो तिची मावण्याची ताकद १५० मिली.

गटाच्या बैठकीत हेच दाखवायचं. भाषणापेक्षा फुगा बरा.

मग ईनोवर तोच प्रयोग. सोडियम बायकार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल, पाणी लागलं की वायू. ५ ग्रॅमच्या पुडीतून अर्ध्या लिटरहून जास्त वायू निघू शकतो. फेस बसल्यावर घेतलं तरी थोडा पोटात जातोच, वर सोडियम. रक्तदाबाच्या रुग्णाला तेही नको.

ईनोसाठी स्वतंत्र चौकट हवी, आणि ती सोड्यापेक्षा मोठ्या अक्षरात. कारण वायूपेक्षा गंभीर आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत पोटात किंवा छातीत दुखलं की घरचे म्हणतात, गॅस असेल, ईनो दे. ते दुखणं स्टेपलच्या रेघेतून गळती झाल्याचं असू शकतं. नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, धाप, थांबत नाही अशी उलटी: यातलं काहीही असलं तर पुडी फाडत बसायचं नाही, थेट फोन करून रुग्णालयात यायचं. रात्री दोन वाजता दुखायला लागलं आणि घरच्यांनी सकाळपर्यंत 'गॅस' काढत वेळ घालवला, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही नवी नाही.

२७ फेब्रुवारी

रुग्णगटाची बैठक. विषय तलफ. आज सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेकांचं सांगणं एकसारखं: पहिले काही महिने गोडाची वासनाच गेली होती. हे अपेक्षित आहे. भुकेचं संप्रेरक घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. (घ्रेलिनचा शोध १९९९ चा, जपानमधला, म्हणजे त्याआधीचे सर्जन भूक का मरते हे न कळताच ती मारत होते.) चवही बदलते, थोडं गोड फार गोड लागतं. पण सहा महिने, वर्ष उलटलं की अनेकांची जीभ पूर्वपदावर येते. आणि तोवर पाठपुराव्याला येणं कमी झालेलं असतं.

एक रिक्षावाले काका, बायपास होऊन दीड वर्ष. म्हणाले, "ताई, रोज चारला मला कोल्ड्रिंक लागतंच. नाही घेतलं तर हातपाय कापतात. व्यसन झालंय बघा." दुपारी काय घेता विचारलं. दोन वाजता स्टँडवर उसाचा रस. आता चित्र उलगडलं. उसाच्या रसात १०० मिलीला बारा-पंधरा ग्रॅम साखर. ती झपाट्याने रक्तात जाते, इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि एक ते तीन तासांत साखर खाली कोसळते. चार वाजताचं कापणं ती कोसळलेली साखर होती. वर कोल्ड्रिंक प्यायलं की तात्पुरतं बरं वाटतं आणि चक्र पुन्हा सुरू. काकांना ग्लुकोमीटर दिलं, डॉक्टरांकडे लगेच पाठवलं. कापरं भरलं की आधी रिक्षा बाजूला घ्यायची, मग साखर तपासायची, ७० च्या खाली असेल तर मोजून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि मग चणे-शेंगदाणे किंवा पनीर असं काहीतरी प्रोटीन. मुळातला उपाय मात्र दोन वाजताचा रस बंद करणं. काका म्हणाले, "म्हणजे मी व्यसनी नाही?" बाकीचे हसले, ते हसले नाहीत.

एक शिक्षिका, स्लीव्हला दोन वर्षं. त्यांना सोडा बर्फासाठी हवा असतो. ग्लासातला बर्फ चावून संपवतात, मग फ्रीजरमधला ट्रेही. लोह कमी असलं की बर्फ चावण्याची ओढ लागते, हे वैद्यकात माहीत असलेलं लक्षण आहे, आणि या शस्त्रक्रियांनंतर लोह कमी होणं नेहमीचं. लोहाच्या गोळ्या त्यांनी बद्धकोष्ठ होतं म्हणून परस्पर थांबवल्या होत्या. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. गोळी बदलून मिळेल, बंद करायची नाही. चहाबरोबर नाही, कॅल्शियमपासून दोन तास लांब.

आणखी एकाला दुपारी डोकं धरतं आणि कोला घेतला की उतरतं. तो कॅफिनचा हिशेब. एकीला फक्त तहान होती, दिवसभरात तीन-चार कप द्रव पोटात जात होता.

तेव्हा पानाच्या वरच्या भागात 'तलफ आली तर मन घट्ट करा' असलं काही नको. आधी पाहायचं: कापतंय का, बर्फ चावावासा वाटतोय का, डोकं दुखतंय का, लघवी गडद पिवळी आहे का. चारही 'नाही' असतील तरच ती तलफ.

५ मार्च

समुपदेशक मॅडमबरोबर. खऱ्या तलफेचं काय करायचं? त्यांचा भर लाटेवर आहे. अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने व्यसनांच्या उपचारात रुळवलेली पद्धत: तलफेशी झुंजायचं नाही, तिच्यापुढे नमायचंही नाही, ती शरीरात कुठे जाणवते ते बघत बसायचं. चढते, टोक गाठते, ओसरते. पद्धत चांगली आहे. पण मला वाटतं आमच्या रुग्णांना बघत बसताना हातात एक ग्लास लागेल.

ग्लासात काय? इथे मला एक धागा सापडला. सोड्यातला जो झणका आपल्याला हवासा वाटतो, तो बुडबुडे फुटण्याचा नसतोच मुळी. कार्बन डायऑक्साइडचं तोंडात कार्बोनिक आम्ल होतं, ते आंबटाच्या पेशींना नि चुरचुरीच्या मज्जातंतूंना टोचतं. २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात या आंबट-पेशींवरच्या, हे आम्ल घडवणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) काम आलं होतं. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स घेणाऱ्या गिर्यारोहकांना बिअर नि कोल्ड्रिंक बेचव लागतं ते याचमुळे. ते औषध तोच विकर बंद पाडतं. आमची फिजिओथेरपिस्ट एव्हरेस्ट बेस कॅम्पहून आली तेव्हा सांगत होती, खाली उतरल्यावर हौसेने कोक घेतला तर भांडी विसळलेलं पाणी लागलं. बुडबुडे जागेवर होते, झणका गेला होता.

मग झणका हवा असेल तर तो वायूशिवायही मिळेल. आलं, मिरी, ओली मिरची, मोहरी, आंबटपणा, थंडपणा. आपल्या स्वयंपाकघरात याचा तुटवडा नाही.

११ मार्च

पँट्रीत चार भांडी. साखर, गूळ, मध काहीही घालायचं नाही, अशी अट.

ताक, एकास चार पाणी, लोणी काढलेलं, त्यात आल्याचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिंग, चिमूट सैंधव. कोकमाचं आगळ, भरपूर पाणी घालून, जिरं आणि ठेचलेली ओली मिरची पाच मिनिटं ठेवून गाळलेलं. आगळात मुळातच मीठ असतं, वरून घालायचं नाही. लिंबूपाणी, मिरी नि आलं. आणि गवती चहा-आल्याचा काढा, फ्रीजमध्ये गार करून.

कैरीचं पन्हं घ्यावं असा आग्रह झाला, पण गुळाशिवाय पन्हं कुणी पीत नाही, आणि गूळ म्हणजे साखरच. सोलकढीही बाद. नारळाच्या दुधातली चरबी काहींना जड जाते, शिवाय पेला दोन घोटांवर थांबत नाही.

लिंबूपाण्याचा एक फायदा: बायपासनंतर मुतखड्याचं प्रमाण वाढतं आणि लिंबातलं सायट्रेट त्याविरुद्ध कामाचं. ज्यांना जळजळ आहे त्यांनी मात्र लिंबू, कोकम, मिरची तिन्ही टाळायचं. त्यांच्या वाट्याला ताक आणि गार गवती चहा. मिरची-मिरी पहिल्या तीन महिन्यांत कुणालाच नाही.

स्ट्रॉ नको. तिच्यातून हवाही जाते.

१९ मार्च

रुग्णगटाची पसंती आली. मला वाटलं होतं ताक जिंकेल. जिंकलं कोकम-मिरची, आणि तेही कोल्ड्रिंकच्या जुन्या भक्तांमध्ये. रंग लाल, घोट आंबट, शेवटी घशाशी चुरचुर. "रास्पबेरीची आठवण झाली," असं एक पारशी आजी म्हणाल्या, आणि मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाल्या, "पण रास्पबेरी नाही ही." ताक 'जेवणातलं' वाटतं, ही बहुतेकांची तक्रार. तलफेला जेवणातलं काही नको असतं.

गार गवती चहा कुणालाच आवडला नाही. मलाही नाही. जळजळवाल्यांसाठी पानात ठेवते आहे.

२ एप्रिल

पाडवा होऊन गेला, आणि फोन सुरू झाले. श्रीखंडाचे कमी, 'थंड'चे जास्त. उन्हातून कुणाकडे गेलं की यजमान विचारतात, चहा घेणार की थंड? आणि चहा नको म्हटलं की उत्तर दिलं असं धरून बाटली उघडली जाते. नाही म्हणणं म्हणजे त्यांचा मान मोडणं. साताऱ्याच्या एक काकू म्हणाल्या, "ऑपरेशन झालंय हे सासरच्यांना सांगितलेलं नाही. पथ्य म्हणून सांगू तर कसलं पथ्य विचारतील." हा पैलू माझ्या आराखड्यात नव्हता, पण महत्त्वाचा आहे. पुष्कळ बायका शस्त्रक्रिया लपवतात, त्यामुळे पथ्यालाही तोंड नसतं.

काकूंनीच तोड काढली: "माठातलं पाणी द्या, घसा धरलाय." घशाचं कारण कुणी तपासत नाही. पुस्तिकेत जसंच्या तसं घेतलं. माठातलं पाणी मागितलं की यजमानालाही काहीतरी आणून दिल्याचं समाधान मिळतं.

लग्नकार्यासाठी: स्वागताचा ट्रे आला की हात मोकळे नकोत. आपली छोटी बाटली हातात असावी.

९ एप्रिल

आजचा विषय शून्य साखरेचं कोल्ड्रिंक. बैठक लांबली.

त्यात साखर नाही, म्हणून डम्पिंग नाही आणि कॅलरीही नाहीत. हे मान्यच करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजीचे असे गोडवे वापरू नयेत अशी शिफारस केली. दोन महिन्यांनी त्यांतल्याच अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्याची बातमी आली, आणि त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. रुग्णांपर्यंत फक्त 'कर्करोग' पोचला. मी ती भीती वापरणार नाही. माझे आक्षेप साधे आहेत. वायू तोच, आम्ल तेच, कोला असेल तर कॅफिनही तेच. आणि हाडं: २००६ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत नियमित कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली होती. कोलाच कारण आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण या शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियमचं शोषण आधीच घटलेलं असतं, तेव्हा तिथे जुगार कशाला.

समुपदेशक मॅडमचा मुद्दा वेगळा होता: काहींना पूर्ण बंदीनेच जास्त ओढ लागते. केंद्रागणिक सल्ला बदलतो, पुष्कळ ठिकाणी मनाई कायमची असते. आमच्या पुस्तिकेपुरतं असं ठरलं. साखरेचं कोल्ड्रिंक, रस, सरबत: कधीच नाही. पहिले सहा महिने फसफसणारं काहीही नाही, ईनोसकट. त्यानंतर साधा, बिनसाखरेचा सोडा किंवा डाएट कोल्ड्रिंक कुणाला कधीमधी हवंच असेल, तर आधी विचारून, जळजळ नसेल तर, जेवणापासून अर्धा तास लांब, अर्धा कप, तोही ओतून थोडा वेळ ठेवलेला. सर अजून 'विचारून' या शब्दाखाली रेघ मारायला सांगत आहेत. मारली.

गॅस घालवलेल्या साखरेच्या कोल्ड्रिंकचं उत्तर एका ओळीत: गॅस गेला, साखर तिथेच आहे.

१५ एप्रिल

'सोडा' म्हटल्यावर पुरुष रुग्णांपैकी निम्म्यांच्या डोळ्यांसमोर वेगळाच ग्लास येतो, हे ध्यानात ठेवून मद्याचा परिच्छेद लिहिला. छोटा पण सरळ. बायपासनंतर दारू रक्तात लवकर चढते आणि पूर्वीपेक्षा वर जाते; स्लीव्हमध्येही गाफील राहू नये. एका पेगवर गाडी चालवता येते हा जुना हिशेब मोडीत काढायचा. २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत मद्याच्या त्रासदायक सवयीचं प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के होतं, दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं. वाढ पहिल्या वर्षी नव्हती. म्हणजे पुन्हा तेच, माणूस पाठपुराव्यातून निसटतो तेव्हाच.

यामुळे एक बदल सुचवला: तलफेची चौकशी सहा महिने, वर्ष आणि दोन वर्षं या भेटींच्या फॉर्मवरच छापायची. फॉर्म बदलायला प्रशासनाची परवानगी लागते. अर्ज दिला.

२३ एप्रिल

मसुदा रुग्णगटात वाचला. रिक्षावाले काका आले होते. दुपारचा रस बंद आहे, आता डब्यात उकडलेली अंडी. अधूनमधून अजून कापतं, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. 'साखर कोसळणे' ऐवजी काय लिहावं विचारलं तर म्हणाले, "साखर उतरणे लिहा, सगळ्यांना कळतं." केलं.

शिक्षिकेचं फेरिटिन खरंच तळाला होतं. लोह शिरेतून देणार आहेत.

फोंड्याहून येणाऱ्या एका रुग्णाने गाड्यावरच्या लिंबू सोड्याबद्दल विचारलं. गाडेवाल्याला 'सोड्याऐवजी पाणी, मीठ घाल, साखर नको' म्हटलं तर तो देतो, पैसे मात्र तेवढेच घेतो. वाक्य घेतलं, पैशांसकट.

दोघांना अक्षर लहान वाटलं. तलफेआधीच्या चार प्रश्नांना चित्रं हवीत असं एकीने सुचवलं: थरथरता हात, बर्फाचा ट्रे, कपाळ, पाण्याचा ग्लास. चित्रकार शोधायला हवा.

६ मे

छपाईवाल्याकडून नमुना आला. दोन रंग परवडतात, म्हणून ईनोची चौकट लाल, बाकी सगळं काळं. फोन नंबर त्याच चौकटीत, मोठा. 'सायट्रेट'चं 'सायट्रट' झालंय, आगळाच्या कृतीत 'मीठ घालू नये' मधला 'नये' पुढच्या ओळीत गेलाय, तो वर ओढायला सांगितला. नाहीतर अर्धे लोक मीठ घालून मोकळे होतील.

फॉर्मची परवानगी अजून नाही. तोवर सिस्टरांनी रबरी शिक्का करून घेतलाय: 'कापतं का? बर्फ? डोकं? लघवी?' कालपासून पाठपुराव्याच्या फाइलींवर तोच मारतायत.

पुढचं पान प्रोटीनचं. त्याच्या नोंदी वेगळ्या वहीत.